टिटवीने शिट्टी वाजवली तेव्हा

गल्लीत तिला सगळे टिटवी म्हणायचे. वय नऊ, अंगाने काडी, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर कोपऱ्यावरचा पाववाला मान वर करून बघायचा. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "अगं, मी समोरच उभी आहे, नदीपलीकडे नाही." मुली हसायच्या, टिटवीही हसायची. आवाज इतका मोठा का झाला, हे मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नाही. घरात माणसं तीन, त्यातल्या एकाला नीट ऐकू येत नव्हतं, आणि ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, हे तिला अक्षरं गिरवायच्या आधीपासून ठाऊक होतं.

लढाई संपून चार वर्षं झाली होती. इमारतीच्या शेजारी पूर्वी आणखी एक इमारत होती. आता तिथे विटांचा ढीग होता, आणि उरलेल्या एका भिंतीवर एकावर एक चार मजल्यांचे चार रंग दिसायचे. निळ्या रंगाच्या खोलीत भिंतीला एक खुंटी होती आणि खुंटीला कुणाचा तरी कोट अजून लटकत होता. मुलं त्याला दगड मारायच्या पैजा लावायची. मोठी माणसं तिकडे बघायचीच नाहीत.

टिटवीचे बाबा तोफखान्यात होते. परत आले तेव्हा ती पाच वर्षांची होती. "उजवा कान तिकडेच राहिला, सामानात सापडला नाही," असं ते हसून सांगायचे, पण फक्त घरात. डावा कान त्या मानाने बरा होता. बाहेर जाताना टिटवीने त्यांच्या डाव्या हाताला चालायचं. मागून कुणी हाक मारली तर त्यांचा हात एकदा दाबायचा. जिन्यात कुणी काही विचारलं आणि बाबा नुसते हसले, तर उत्तर आपण द्यायचं. आई म्हणायची, "या घरात भिंतींना कान आहेत, माणसालाच नाहीत. तेव्हा सांभाळून."

एवढं सांभाळायचं कारण होतं. परत आल्यावर बाबांना वर्षभर काम नव्हतं. रोज सकाळी दाढी करून ते एकेका कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि दुपारी परत येऊन टेबलाशी बसायचे. दोन्ही हात समोर ठेवायचे आणि त्यांच्याकडे बघत राहायचे, जणू ते हात दुसऱ्याचे आहेत. शेवटी लोखंड ओतण्याच्या कारखान्यात क्रेनवर जागा निघाली. डॉक्टरने कानाशी घड्याळ धरलं, तेव्हा बाबांनी घड्याळ ऐकण्याऐवजी डॉक्टरचा चेहरा वाचला आणि पास झाले.

क्रेनचं काम त्यांना मानवलं. छताखाली रुळांवर सरकणारा एक पिंजरा, त्यात एकटे बाबा. खाली माणसं साचे मांडून उभी. भट्टीतून वितळलेलं लोखंड एका भल्यामोठ्या बादलीत पडायचं. तिला म्हणायचं बादली, पण आत माणूस उभा राहील एवढी ती मोठी. ती बादली साखळीने उचलून बाबा अलगद एकेका साच्यावर नेऊन थांबवायचे. त्या गोंगाटात बोलणं कुणालाच ऐकू येत नसे, त्यामुळे सगळा कारभार हातांच्या खुणांवर चाले. आणि शिट्टीवर. एक शिट्टी म्हणजे सावकाश. तीन शिट्ट्या म्हणजे जिथे असशील तिथे थांब.

ती शिट्टी असायची दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गळ्यात. काका बादलीच्या खाली उभे राहून ती साच्यावर बसवायचे. मोठा माणूस, हातावरचे केस कायमचे जळालेले, स्वभाव मात्र लोण्यासारखा. संध्याकाळी अंगणातल्या पायरीवर बसून ते मुलांना शिट्टी वाजवू द्यायचे. टिटवीला म्हणायचे, "वर तुझे बाबा आणि खाली माझी शिट्टी, म्हणून तर आम्ही सगळे धडावर डोकं घेऊन घरी येतो." काकू म्हणायच्या, "धडावर डोकं आहे, डोक्यात मात्र काही नाही." मग सगळे हसायचे. टिटवीसुद्धा.

त्या वर्षी थंडीत बाबा आठ दिवस तापाने पडले. ताप उतरला, बाबा कामावर गेले. एका रविवारी ते खिडकीशी बसून बूट घासत होते आणि टिटवीच्या हातून त्यांच्या पाठीमागे पत्र्याचं ताट फरशीवर पडलं. गरगर फिरत राहिलं, केवढा तरी आवाज झाला. बाबांनी मान वळवली नाही. ते डाव्या बुटाला पॉलिश लावत राहिले.

टिटवीने ताट उचललं. तिला वाटलं, तंद्रीत असतील. पण मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ती लक्ष ठेवू लागली. कारखान्याचा भोंगा व्हायचा तेव्हा बाबा पूर्वी कपातला चहा तसाच ठेवून उठायचे. आता भोंगा होऊन जायचा आणि ते आईच्या चेहऱ्याकडे बघायचे. आईने पदराला हात पुसले की उठायचे. आईलाही कळलं होतं तर.

मग तो बुधवार आला. काका संध्याकाळी अंगणात आले ते लंगडत. बुटाचा पुढचा भाग जळून कोळसा झालेला. काकूंनी बूट ओढून काढला, पाय पाण्यात घातला. भोवती दोन-चार जण जमले.

"साखळीला पीळ पडला होता," काका सांगत होते. "मी दोन्ही हातांनी साखळी धरलेली, तोंडात शिट्टी. तीन वेळा वाजवली. बादली तरी हातभर पुढे आली. थेंबच उडाले म्हणून बरं." मग त्यांनी टिटवीला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझ्या बाबांचा दोष नाही गं. वरच्या काचेतून उन्हाची तिरीप डोळ्यावर आली म्हणाले. होतं असं."

त्या दिवशी सकाळपासून आभाळ राखेसारखं होतं. ऊन कुठलं?

ती वर गेली. आई धुलाईखान्यातून नुकतीच आली होती, इस्त्रीच्या वाफेने तिचे हात लाल झाले होते. टिटवीने दार लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"आई, बाबांना शिट्टी ऐकू आली नाही."

आई भांडी मांडत राहिली. "तिरीप आली होती."

"ऊन नव्हतं, आई. त्यांना काहीच ऐकू येत नाही आता. तुला माहीत आहे."

आई वळली. तिने टिटवीचे दोन्ही खांदे धरले. "ते वर्ष आठवतं का तुला? टेबलाशी बसायचे ते? पुन्हा तसे बसले ना, तर हा माणूस उठायचा नाही. या गोष्टीबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही. मला वचन दे."

"आणि काका?"

"वचन दे आधी."

टिटवीने दिलं. पण तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी बाबा आल्यावर तिने शाळेची पाटी त्यांच्यासमोर ठेवली. वर लिहिलं होतं: शिट्टी ऐकू आली होती का?

बाबांनी वाचलं. बाहीने पाटी पुसली. "मी हात बघतो," ते म्हणाले. "हात दिसले की पुरे."

तिने पुन्हा लिहिलं: काकांच्या हातांत साखळी होती.

बाबांनी ते पुसलं नाही. पाटी उलटी करून ठेवली आणि जेवायला बसले. आईने टिटवीकडे डोळे वटारून पाहिलं.

शुक्रवारी काका पायरीवर बसून मोठ्या कामाचं सांगत होते. शनिवारी अकरा वाजता कुठल्याशा जहाजासाठी मोठा भाग ओतायचा होता. वर्षातलं सगळ्यांत मोठं ओतकाम. पायाला पट्टी होती तरी काका जाणार होते. "माझ्याशिवाय ओतलं तर लोखंड रुसेल," ते म्हणाले. काकू पाठमोऱ्या होऊन कपडे झटकत होत्या. त्यांना हसू आलं नाही.

बाबा कामावरून आले आणि अंगणातल्या नळाशी तोंड धुवायला वाकले. शर्ट काढून कठड्यावर टाकला, मानेला साबण लावू लागले. तोंडाला फेस, डोळे मिटलेले, पाठ सगळ्यांकडे.

टिटवीने ते पाहिलं. पुढे जे झालं ते आपण आधी ठरवलं होतं की नाही, हे तिला मोठेपणीही नक्की सांगता आलं नाही. ती काकांजवळ गेली आणि हात पुढे केला. काकांनी नेहमीसारखी गळ्यातली शिट्टी काढून दिली. ती अंगण ओलांडून बाबांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, हातभर अंतरावर. वचन बोलायचं नाही असं होतं. ती बोललीच नाही. छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी वाजवली.

एकदा. दोनदा. तीनदा.

ढिगाऱ्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. पहिल्या मजल्यावरचं तान्हं बाळ रडायला लागलं. खिडक्या उघडल्या, कुणीतरी वरून ओरडलं, "कान फोडतेस का?" काका पायरीवरून अर्धे उठले होते आणि तसेच राहिले.

बाबा मानेचा साबण धूत होते. सावकाश, कानांच्या मागे बोटं फिरवत. त्यांनी नळाखाली डोकं धरलं, पाणी निथळू दिलं आणि शर्टासाठी वळले. तेव्हा त्यांना काका दिसले, मग उघड्या खिडक्या दिसल्या, आणि मग तोंडात शिट्टी घेतलेली आपली पोरगी.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. फार मोठ्याने विचारलं.

बाबांनी शर्टाने तोंड पुसलं. पुसत राहिले. शर्ट खाली घेतला तेव्हा त्यांचा चेहरा टिटवीने कधी पाहिला नव्हता असा झाला होता. ते तिच्या शेजारून गेले, जिन्याकडे. वर खिडकीत आई उभी होती. ती आत वळली.

काकांनी टिटवीच्या हातून शिट्टी घेतली. मग एक पाय ओढत जिना चढले. टिटवी जिन्याच्या वळणावर बसली. काकूही येऊन तिच्याजवळ बसल्या, पण दोघींमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

वरचं दार उघडंच होतं.

"माझ्याकडे बघ," काका सांगत होते. "माझ्या तोंडाकडे बघ. कधीपासून?"

बाबा बोलले. "उजवा पहिल्यापासून. डावा या तापात."

"आणि तू रोज माझ्या डोक्यावरून दीड टन आग नेत होतास."

"हात दिसतात मला."

"परवा माझे हात कुठे होते?"

आई काहीतरी बोलली, ते खाली ऐकू आलं नाही. मग काकांचा आवाज पुन्हा आला, आता त्यात राग कमी आणि थकवा जास्त होता. "उद्या भोंग्याच्या आधी मुकादमाकडे जा. तू गेलास तर तू सांगितलंस असं होईल. मी गेलो तर तू फसवलंस असं होईल. मला जायला लावू नकोस. आपण एकाच जिन्याने चढतो-उतरतो."

काका खाली आले. काकू उठल्या. जाता जाता त्यांनी टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

सकाळी बाबा नेहमीपेक्षा तासभर आधी निघाले. चहाला हात लावला नाही. कुठे जातो म्हणून सांगितलं नाही. थोड्या वेळाने काका गेले. शनिवारची शाळा होती. बाईंनी टिटवीला धडा वाचायला उभं केलं, तर आवाजच फुटेना. चार वर्षांत पहिल्यांदा बाई म्हणाल्या, "मोठ्याने." तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. अकरा वाजले. अकरा वाजून पाच. कारखान्याच्या दिशेने काही आवाज येतो का, म्हणून ती कान देऊन उभी होती. काही आलं नाही. पण काही आलं नाही म्हणजे काय, हे तिला समजेना.

शाळा सुटल्यावर ती घरी न जाता थेट कारखान्याच्या फाटकाशी गेली. भोंगा झाला. माणसं बाहेर पडू लागली, घामाने आणि काजळीने सगळ्यांचे चेहरे एकसारखे. तिला कुणी ओळखू येईना. शेवटी लंगडणारा एकजण दिसला. काका टोपीने वारा घेत येत होते.

"ओतकाम नीट झालं," ते म्हणाले. "क्रेनवर दुसरा होता."

"बाबा कुठे आहेत?"

काका थांबले. "ते सकाळीच आले. मुकादमाला सगळं सांगितलं, टोपी टेबलावर ठेवली आणि निघून गेले. घरी नाही आले?"

मग मात्र टिटवीच्या तोंडचं पाणी पळालं. दोघं घरी आले. बाबा नव्हते. आईने इस्त्री अर्धवट सोडली होती, ती खिडकीतून हलायला तयार नव्हती. काका स्टेशनकडे गेले, काकू बाजाराकडे. टिटवी कालव्याकडे धावली, कारण परत आल्या आल्या, त्या रिकाम्या वर्षात, बाबा कधी कधी तिथे जायचे.

ते तिथेच होते. कालव्याच्या दगडी काठावर, पाय पाण्याच्या बाजूला सोडून बसलेले. टिटवी वीसेक पावलांवर थांबली. कुठल्याही बापाला कुठलीही मुलगी हाक मारील, तशी तिला मारता येईना. मागून जाऊन खांद्याला हात लावावा, तर ते दचकतील आणि काठ निसरडा होता. ती पुलावरून पलीकडे गेली, त्यांच्या समोरच्या काठावर उभी राहिली आणि ते मान वर करेपर्यंत वाट बघत राहिली.

बराच वेळ लागला. पाण्यावरून कोळशाने भरलेली एक होडी गेली. मग बाबांनी वर पाहिलं. ती दिसली. ते तसेच बघत राहिले, आणि मग उठले, विजारीची धूळ झटकली आणि पुलाच्या तोंडाशी येऊन थांबले. ती येताच चालू लागले. ती सवयीने त्यांच्या डाव्या हाताला गेली. बाबांनी तो हात खिशात घातला.

घरापर्यंत तो हात खिशातच होता.

स्वतःहून सांगायला आले म्हणून मुकादमाने बाबांना कारखान्यातून काढलं नाही, पण क्रेन गेली. तीन आठवडे ते घरी बसले. मग काका आणि आणखी काहीजणांनी शब्द टाकला आणि त्यांना साच्यांसाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या सुतारांच्या खोलीत घेतलं. पगार कमी, पण तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतं. आई धुलाईखान्यात दोन तास जास्त थांबू लागली. एकदा चादरींच्या घड्या घालताना ती टिटवीला म्हणाली, "केलंस ते खरं होतं. पण मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं, आई."

आईने घडी मोडली आणि पुन्हा घातली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

बाबा मात्र टिटवीशी बोलत नव्हते. रागावत नव्हते, मारत नव्हते. ताट पुढे सरकवायचे, बुटांना पॉलिश करून द्यायचे, पण बोलत नव्हते. सात आठवडे. त्या सात आठवड्यांत टिटवीचा आवाज बसत बसत गेला. गल्लीतल्या मुली खेळायला बोलवायच्या तर ती खिडकीतून मानेने नको म्हणायची. शहाणी झाली, असं शेजारी म्हणायचे. काकू म्हणायच्या, "शहाणी कसली, वाळली पोर."

आणि मग पाववाल्याच्या दुकानात एक प्रसंग घडला. बाबांनी पाव मागितला तो इतक्या मोठ्याने की दुकानातलं एक लहान मूल घाबरून रडू लागलं. बाबांना रडणं ऐकू आलं नाही, पण लोकांची तोंडं दिसली. आपला स्वतःचा आवाजही आपल्याला ऐकू येत नाही, हे तोवर त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून ते बाहेर बोलेनासे झाले. मग घरातही बोलेनासे झाले. आई म्हणाली, "आता दोघंही मुके. मी भिंतीशी बोलते."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी टिटवी टेबलाशी गणितं करत होती. बाबा समोर येऊन बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मी आत्ता ओरडतोय का?" त्यांनी विचारलं. चुलीपाशी असलेली आई दचकली.

टिटवीने मान हलवली. हो.

"आता?"

तिने तळहात पालथा करून डोक्याएवढा उंच धरला. अजून मोठा आहे.

"आता?"

हात खांद्यापर्यंत आला.

"आता?"

हात टेबलाला टेकला. त्या आवाजात बाबांनी मग सावकाश एकेक वाक्य बोलून पाहिलं. एक पाव द्या. आज थंडी आहे. मुकादम, लाकूड ओलं आहे. प्रत्येक वाक्याला टिटवीचा हात थोडा वर, थोडा खाली. अर्ध्या तासाने ते थकले. टिटवीची गणितं तशीच राहिली होती. बाबांनी वही आपल्याकडे ओढली, तिसऱ्या गणितावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे चुकलं आहे." अगदी योग्य आवाजात म्हणाले.

आई चुलीकडे तोंड करून उभी होती. ती बराच वेळ वळली नाही.

पुढे पुष्कळ वर्षं गेली. बाबा सुतारांच्या खोलीत नावाजलेले कारागीर झाले. काका दोन्ही पाय शाबूत ठेवून निवृत्त झाले. रविवारी ते दोघं अंगणात सोंगट्या खेळत बसायचे, काका हरले की शिव्या द्यायचे आणि बाबा म्हणायचे, "दे, दे, माझं काय जातं?" मोडक्या भिंतीच्या जागी नवी इमारत उभी राहिली.

टिटवी तेविसाव्या वर्षी नोकरीसाठी दुसऱ्या गावी जायला निघाली, त्या दिवशी पेटी भरताना तिने बाबांना समोर बसवलं आणि ओठ नीट हलवत विचारलं, "तुम्हाला अजून माझा राग येतो का?"

बाबांनी न समजल्याचं सोंग केलं नाही.

"त्या दिवशी वाटलं होतं, पोरीने चारचौघांत नागडं केलं," ते म्हणाले. "कधी कधी आजही वाटतं. ते जात नाही." थोडा वेळ ते पेटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "पण तू वाजवली नसतीस तर मी शनिवारी वर चढलो असतो. हे मला माहीत आहे. मी नक्की चढलो असतो."

पेटी गच्च भरली होती, कडी लागत नव्हती. बाबा उठले, गुडघा टेकवून झाकण दाबून धरलं, आणि तिने कडी लावली.